फटफटीवरची पेटी

आमच्या शहापूरच्या गल्लीत फटफटी पहिल्यांदा आली ती ढकलत. पेट्रोल नव्हतं. पुढं माझे मालक हॅंडल धरून, मागं गल्लीतले दोघंतिघं रेटा देणारे, आणि घामाघूम होऊन सगळे हसतायत. मी दारात उभी होते. मला हसू आलं नाही.

लढाई संपली होती. बेळगावच्या कॅम्पातून लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघत होत्या, इंग्रज आता जाणार, आता जाणार अशी बोलणी कट्ट्याकट्ट्यावर चालली होती. ह्यांनी लढाईची सगळी वर्षं मुंबईच्या गिरणीत राबून जे काही मागं टाकलं होतं, ते त्या हिरव्या लोखंडावर घालून मोकळे झाले. घरात विचारलं नाही, सांगितलं नाही. विचारलं असतं तर मी नकोच म्हटलं असतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आमचं घर विणकराचं. पुढच्या सोप्यात खड्ड्याचे दोन माग, एकावर मामंजी म्हणजे माझे सासरे, दुसऱ्यावर हे. मी आणि आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कांड्या भरायच्या, ताण्याचे उभे धागे सांधायचे. लढाईत सूत मिळेनासं झालं. एका मागापुरतं हाती लागलं तरी नशीब, म्हणून हे मुंबईला गेले आणि दुसरा माग गोणपाट पांघरून बसला. त्याच काळात मला मुलगा झाला आणि गोवराच्या साथीत गेला. तार केली होती. हे घरी पोचले तोवर पाळणा माळ्यावर चढवून झाला होता. ह्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि पाणी मागितलं. दुसरं काय करणार होते म्हणा, पण त्या पाण्याच्या तांब्याचा राग माझ्या मनातून कित्येक दिवस गेला नाही.

गिरणीतून परत आले ते कापसाचा खोकला घेऊन. त्यामुळं मला एकच गोष्ट हवी होती, हे परत मुंबईला जाता कामा नयेत. फटफटी घ्या, हत्ती घ्या, पण घरी राहा.

"आपली लुगडी पेठेतल्या व्यापाऱ्याच्या हातात कशाला द्यायची?" हे म्हणाले. "तो म्हणंल तो भाव. निपाणीला तंबाखूवाल्यांची घरं हायेत, लग्नं हायेत. कापड रेशनवर, नवरीला लुगडं मिळंना झालंय. मी दारात नेऊन देतो. जमलं तर हितंच राहीन."

"आणि न्हाय जमलं तर?" मी विचारलं.

"न्हाय जमलं तर गिरणी हायच की गं."

बोलले ते अगदी सहज. त्या दिवसापासून मी त्या यंत्राची वैरीण राहिले नाही. ते चालायलाच हवं होतं.

आता नुसत्या फटफटीनं काय होणार? लुगडी ठेवायची कुठं? गाडीबरोबर लष्कराच्या दोन पिशव्या आल्या होत्या, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या, जाड खाकी कापडाच्या. चांगल्या दणकट होत्या. हे त्या धुऊन, वाळवून, मोठ्या कौतुकानं मामंजींना दाखवायला गेले. मामंजींनी हातसुद्धा लावला नाही. पिशव्यांना चामड्याचे पट्टे होते.

"चामडं? नवरीच्या लुगड्याला?" मामंजी म्हणाले. "डोस्कं फिरलंय व्हय रं तुझं?"

"आप्पा, पिशवी कापडाची हाय. नुसता पट्टा चामड्याचा."

"पट्टा लागतोच की."

"मग पायातलं काय हाय? ते न्हाय व्हय चामड्याचं?"

"ते मी दारात काढतो. मागापतोर न्हाय आणत."

आमच्या घरची ही रीत साऱ्या शहापुरात माहीत होती. नवरीचं लुगडं मागावरून उतरलं की ते ओटीत पडेपर्यंत त्याला चामडं लागू द्यायचं नाही आणि ते भुईवर ठेवायचं नाही. गल्लीत झटक्याचे माग आले, त्यांत आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला टोला देणारा तुकडा चामड्याचा असतो, एवढ्याच कारणासाठी मामंजींनी तो माग घरात येऊ दिला नव्हता. अर्ध्या वेळेत लुगडं होतं म्हणे. होऊ दे, म्हणाले. मला त्यांचा कधी अभिमान वाटायचा, तर कधी इतकी चीड यायची की कांडीचं सूतच तोडून टाकावं वाटायचं. चपला शिवणाऱ्या माणसाच्या हातच्या चपला चालायच्या, त्याच्या हातचा पट्टा चालायचा नाही. पण बोलून दाखवायची माझी छाती नव्हती.

मग सुरू झाली पेटी.

अनगोळच्या सुताराकडून ती करून घेतली, फणसाच्या लाकडाची. माप घ्यायला सुतार आला तेव्हा मामंजींनी फूटपट्टी बाजूला सारली आणि लुगड्याची घडी त्याच्यापुढं पाटावर ठेवली. "ह्याच्यावरनं माप घे. घडी मोडायची न्हाय, दुमडायची न्हाय." तेव्हा पेटी झाली ती बरोबर आमच्या घडीच्या मापाची. झाकण मागच्या बाजूला उतरतं, पाऊस ओघळून जावा म्हणून. आतून मी माझ्या जुन्या मऊ पातळाचं अस्तर लावलं, कोपऱ्यांत कडुनिंबाचा वाळका पाला. वरून तंबूच्या कापडाची खोळ शिवली आणि तिला जवसाचं तेल पाजलं. सुई बोटात शिरायची, पण हात थांबवला नाही. ती खोळ तेलानं इतके दिवस चिकट राहिली की आत्याबाई म्हणाल्या, "लुगडी न्हाय, माश्या घिऊन जाईल हा निपाणीला."

कॅम्पातल्या मिस्त्रीनं मागच्या चाकावर पेटी बसेल अशी लोखंडी चौकट करून दिली. खाली सायलेन्सर तापतो, त्याची धग लाकडाला लागू नये म्हणून मधे पत्रा ठोकला. दोन्ही बाजूंच्या पिशव्यांचे पट्टे काढून त्यांना नाड्या लावल्या, एकीत पाने-पकड, एकीत भाकरी. पुढं गुडघ्यांना वारा लागू नये म्हणून उरलेल्या कापडाचा पडदा केला. ह्यांच्या छातीसाठी मी गोधडीची एक पट्टी शिवली, पाठीमागं बंद असलेली. ती बांधली की हे पोट सुटलेल्या सावकारासारखे दिसायचे. आणि बसायची सीट? तीही चामड्याचीच की. तिच्यावर आत्याबाईंनी मामंजींच्या जुन्या धोतराची खोळ चढवली आणि विषय मिटवला. त्या दिवसांत घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. पाळणा वर गेल्यापासून प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात काम करायचा. आता सगळे त्या फटफटीभोवती. मला ते दिवस आवडले, हे मी लपवणार नाही.

राहिली एकच गोष्ट. पेटी चौकटीला बांधायची कशानं?

बोल्ट मारून चालणार नव्हतं, कारण पेटी काढून गिऱ्हाइकाच्या घरात न्यायची होती. मिस्त्रीनं बकलाचे दोन पट्टे पुढं केले. "ह्ये आवळा आन् बिनघोर जावा," म्हणाला. ह्यांनी मामंजींकडं बघितलं. मामंजींनी मान हलवली आणि घरात गेले. बाहेर आले ते ताण्याच्या सुताच्या लडी घेऊन. सोप्यात बसून त्यांनी स्वतः पीळ दिला, दोरी केली, करंगळीएवढी जाड, पांढरीशुभ्र. पेटीवरून चौकटीखालून वेढे घेतले आणि दोन टोकं जोडली आमच्या गाठीनं.

आमची गाठ म्हणजे विणकराची गाठ. मागावर धागा तुटला की ती मारतात. एका टोकाचा फास, दुसरं टोक त्यातून वर, मागून वेढा, आणि परत स्वतःखाली. बोटांना डोळे लागत नाहीत. लहान, चपटी, मागाच्या फणीतून न अडकता सरकणारी. विणकरांच्या मुली अक्षर गिरवायच्या आधी ही गाठ शिकतात. मामंजींनी गाठ मारली आणि दोरीला धरून पाय उचलले. त्या वयाचा माणूस, लोंबकळला की! गाठ हलली नाही.

"ह्या गाठीवर आमचं घर उभं हाय," ते म्हणाले. "बकल कशाला लागतंय?"

कुणाला कसलीच शंका आली नाही. मला नाही, ह्यांना नाही. मिस्त्री मुसलमान, त्याचा मागाशी संबंध नाही, तो म्हणाला, "चाचा, रस्ता लई वाईट हाय हां." मामंजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आधी जवळची गावं झाली. सांबरा, बेळगुंदी. हे सकाळी जायचे, दुपारी परत. प्रत्येक घरी पेटी सोडायची, दाखवायची, पुन्हा बांधायची. बेळगुंदीच्या बायकांनी तर पेटीभोवती कडं केलं म्हणे. त्या पेटीचंच कौतुक जास्त. परत आले की हे फटफटीवरनं उतरायच्या आधीच सांगायला सुरुवात करायचे, आणि मी गोधडीच्या पट्टीचे बंद सोडत ऐकायची. खोकला कमी झाला होता. सूतही थोडंफार मिळू लागलं, दुसऱ्या मागावरचं गोणपाट निघालं. एकदा हे मला म्हणाले, "तू एक डाव बस मागं. सांबऱ्यापतोर नेतो." मी म्हटलं, "पेटी कुटं ठिवायची मग, माझ्या डोक्यावर?" पण मनातून मी हरखले होते. मुंबईचं नाव घरात निघेनासं झालं.

आणि निपाणीचं काम आलं. तंबाखूच्या मोठ्या व्यापाऱ्याचं घर, मुलीचं लग्न. नवरीचं लुगडं आणि मानाची काही. त्या घरी माल पसंत पडला असता तर निपाणीतली सगळी दारं उघडली असती. दोन्ही माग दिवसभर चालले. नवरीचं लुगडं मामंजींनी विणलं, गर्द लाल, पदर लाल-पांढऱ्या नक्षीचा, टोपपदराचा. उतरलं त्या दिवशी आत्याबाईंनी पाट मांडला, लुगडं पाटावर, वर हळदकुंकू. भुईला त्याचा एक धागा टेकू दिला नाही.

सकाळी निघाले. मामंजींनी स्वतः पेटी बांधली, गाठ मारली, दोरीवरून हात फिरवला. मी गोधडीची पट्टी बांधली. फटफट करत गल्लीच्या तोंडाशी गेले, हात वर केला, वळले.

पुढचं मी ह्यांच्या तोंडून ऐकलं, तेही तुकड्यातुकड्यानं. वंटमुरीचा घाट उतरेपर्यंत पेटी होती, हे नक्की. तिथं त्यांनी मागं हात लावून बघितलं होतं. पुढं संकेश्वरपर्यंत रस्ता गाड्यांच्या चाकोऱ्यांनी उखडलेला. फटफटी नुसती उडत होती. मग कुठंतरी ती हलकी पळायला लागली. "मला वाटलं, रस्ता बरा लागला," हे म्हणाले. "लई बरं वाटलं. गाणं म्हणत हुतो मी." तवंदीच्या घाटाच्या माथ्यावर इंजिन निवायला थांबले, उतरले, आणि मागं चौकट मोकळी.

परत फिरले. संकेश्वराच्या अलीकडं रस्त्याकडेला पेटी पडली होती, झाकण एकीकडं. मागून येणाऱ्या बैलगाडीचं चाक नवरीच्या लुगड्यावरून गेलं होतं. शेतातल्या बायकांनी बाकीची लुगडी उचलून, झटकून, बाभळीच्या कुंपणावर वाळत घातल्यासारखी घातली होती आणि मालक येईल म्हणून राखण बसल्या होत्या. एक धागा कुणी नेला नाही. लाल लुगड्यावर एका बाईनं आपल्या पदरानं पुसपुस पुसलं होतं. चाकोरीचा पट्टा तेवढा राहिला.

तरीही हे निपाणीला गेले. व्यापाऱ्याच्या बायकोनं घडी उलगडली, पट्टा बघितला.

"रस्त्यावर पडलंतं?" तिनं विचारलं.

ह्यांना खोटं बोलता आलं असतं, वंगण लागलं, धुतलं की जाईल म्हणून. बोलले नाहीत. मामंजींचा मुलगा तो. "व्हय," म्हणाले. "पडलंतं."

तिनं लुगड्याची परत घडी घातली. रागावलीसुद्धा नाही. "लेकीचं लगीन हाय ओ," एवढंच म्हणाली. नवरीचं नको, म्हणून मानाचीही नको. एका पेटीत होती ना.

दिवेलागणीला हे घरी आले. फटफटी दारात लावली, पेटी आत आणली आणि मामंजींच्या पुढ्यात दोरी ठेवली. मी आधी दोरीकडंच बघितलं, तुटली असेल म्हणून. तुटली नव्हती. दोन्ही टोकं जशीच्या तशी, पीळसुद्धा उसवला नव्हता.

मामंजींनी दोरी जवळ ओढली. मग त्यांनी तीच टोकं घेऊन तीच गाठ मारली. दोन्ही हातांनी ताणली, गाठ घट्ट. मग हात जवळ आणले, दोरी सैल केली, हिसका दिला. परत ताणली. परत सैल. ताण, सैल, हिसका. आम्ही सगळे बघत होतो. गाठ थोडी थोडी फुगत गेली आणि त्यांच्या हातात उमलली. दोन टोकं दोन हातांत.

मागावर ताणा कधी सैल पडतच नाही. दिवस-रात्र तो ताणलेला, म्हणून गाठ धरून राहते. जन्मभर ताणलेल्या धाग्यांतच राहिलेल्या आम्हा माणसांना हे कधी बघायलाच मिळालं नव्हतं. जवळच्या गावांना घरटी गाठ सोडून परत मारली जायची, म्हणून तिथंही कळलं नाही.

"ढील दिली की सुटतीया," मामंजी म्हणाले. आवाज इतका बारीक की आत्याबाईंनी "काय?" म्हणून विचारलं.

रात्री जेवताना हे म्हणाले, "मी जातो परत गिरणीत." मी भांडले. इतक्या मोठ्यानं की शेजारी दिवे लागले. बकलाचे पट्टे लावा, दुसरी पेटी करा, दुसरं गाव बघा, निपाणी म्हणजे काय जग आहे का, सगळं बोलले. ह्यांचं बळ संपलं होतं. गाणं म्हणत होतो मी, हेच परत परत सांगायचे. त्या गाण्याची त्यांना लाज वाटत होती, लुगड्याहून जास्त. फटफटी विकायला काढली, ती कॅम्पातल्या मिस्त्रीनंच घेतली, चौकटीसकट.

मामंजी दोन दिवस मागावर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी कुठं गेले कळलं नाही. आले तेव्हा हातात चामड्याचे दोन नवे पट्टे होते, पितळी बकलाचे, कोऱ्या कातड्याचा वास येणारे. स्वतः चपला शिवणाऱ्यांच्या वस्तीत जाऊन, समोर बसून करून घेतले होते. दारात थांबले नाहीत. पट्टे हातात घेऊन सरळ सोप्यात आले, दोन्ही मागांच्या मधून.

"पेटीला लाव," म्हणाले.

ह्यांनी सांगितलं, "आप्पा, फटफटी गेली. कालच गेली."

मामंजी तसेच उभे राहिले. एवढा ताठ माणूस, हातातल्या पट्ट्यांचं काय करायचं हे त्यांना समजेना. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, नुसतं रडू आलं.

ज्या दिवशी हे निघाले, त्या दिवशी वळकटी सोप्यात पडली होती. मी गोधडीची छातीची पट्टी तिच्यात घातली होती. मामंजी खाली बसले, दोन्ही पट्टे वळकटीखालून घेतले आणि बकलात ओवले. चामड्यावर त्यांचे हात काम करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मी म्हणाले, "मामंजी, दोरीच बांधा की. आपल्या गाठीनं बांधा. वाटंत सुटली तर माघारी तरी येतील."

ह्यांनी मान खाली घातली. मामंजींचा हात बकलावर थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटलं, ऐकतील. मग त्यांनी पट्टा आणखी एका भोकानं आवळला.